दरवाजा मोकळा आहे का?

दौलताबाद,
सोमवार

प्रिय रत्नमाला,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर तू मला मधेच थांबवलं असतंस, आणि मला पूर्ण बोलायचंय.

माझं बरं चाललंय. किल्ल्याखालची पेरू-सीताफळाची हातगाडी आता पत्र्याच्या टपरीत गेली. लेक अरफा बारावीला आहे, गणितात माझ्यासारखी नाय, नशीब! आणि फोन आधीपेक्षा जास्त वाजतो. वेरूळ, खुलताबाद, कन्नडकडून येणारे ड्रायव्हर अजून तेच विचारतात, "आपा, दरवाजा मोकळा आहे का?" परवा एक नवा पोरगा गाडी थांबवून म्हणाला, मोबाईलवर नकाशा असताना तुम्हाला कशाला विचारायचं? मी त्याला स्टुलावर बसवलं. म्हटलं, बाबा, किल्ल्याच्या त्या जुन्या दरवाज्यातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. समोरासमोर दोन बस आल्या की नकाशाला कळेपर्यंत मागं पन्नास गाड्या उभ्या राहतात. आणि रविवारी पर्यटकांनी कडेला गाड्या लावल्या, की वाहता रस्तासुद्धा नकाशात लालभडक दिसतो. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तर काल कुणीतरी गेल्या वर्षीच्या गर्दीचा फोटो टाकला आणि चार जण उगाच कसाबखेड्यावरून वळसा घालून गेले. दरवाज्यावर ट्रॅफिकचा शिपाई असला तर खरं सांगतो, पण तो गर्दीतून फोन उचलणार कधी? मी मात्र दरवाज्यासमोरच बसलेली असते. पोरगा दोन किलो पेरू आणि माझा नंबर घेऊन गेला.

हा उद्योग तूच मला लावून दिलास. आपण शाळेत एका बाकावर होतो, पण तू गाडी शिकशील असं कुणाला वाटलं होतं? तू पांढरी व्हॅन घेतलीस, वेरूळच्या बायका बाजाराला, दवाखान्याला तुझ्याच गाडीनं जायला लागल्या, आणि रोज सकाळी तुझा पहिला फोन मला. मग तूच माझा नंबर बाकीच्यांना वाटलास. "सगीराला विचारा, ती डोळ्यांनी बघून सांगते." हे तुझंच वाक्य.

श्रावणातला तो रविवार मी विसरले नाय. दोन वर्षं झाली. वेरूळच्या पारूबाईंची सून राजनंदिनी नवव्या महिन्यात, अचानक कळा सुरू झाल्या. तिला शहरातल्या दवाखान्यात न्यायला निघताना तू मला फोन केलास, मी म्हटलं, "मोकळा आहे, ये." आणि तू दरवाज्याच्या रांगेत पन्नास मिनिटं अडकलीस. पुढं सरकता येईना, मागं फिरता येईना. पोरगी तुझ्या व्हॅनमध्येच जन्मली. तू ओढणी फाडून तिला गुंडाळलंस, पण राजनंदिनीचं रक्त थांबेना. अकरा दिवस ती दवाखान्यात मशीनवर होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पारूबाई सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडल्या. "कसाबखेड्यावरून का नाय नेलीस? कुणाला विचारून ह्या रस्त्यानं आलीस?" मी तिथंच होते, हातात चहाचा थर्मास घेऊन. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. खाली मान घालून म्हणालीस, "नकाशात मोकळा दिसला." त्यानंतर वेरूळचं एक माणूस तुझ्या गाडीत बसलं नाय. व्हॅन गेली, तू पुण्याला शाळेची गाडी चालवायला गेलीस. जाताना मला म्हणालीस, "तुझी काय चूक? तू बघितलंस तेव्हा मोकळा असेल, गर्दी नंतर झाली असेल."

गेल्या महिन्यात राजनंदिनी टपरीवर आली. ठणठणीत आहे. पोरगी चालते, माझ्या टोपलीतला पेरू उचलून तिनं सरळ चावला. पैसे देता देता राजनंदिनी म्हणाली, "आपा, त्या दिवशी रत्नमालाताईंनी नकाशा बघण्यापेक्षा तुम्हाला विचारलं असतं तर बरं झालं असतं." रत्ना, मला सुट्टे मोजता येईनात. दुसऱ्या दिवशी टपरी बंद ठेवली आणि वेरूळची बस धरली. पारूबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्या बाईला शिव्या घातल्या." आणि उठून आत जाता जाता, "मला काय सांगतीस? तिला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. तेच सांगायला हे पत्र. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी दरवाज्यासमोर नव्हतेच. अब्दीमंडीला भावाच्या घरी जेवायला बसले होते. भावाचे पाहुणे नुकतेच म्हणत होते, अख्खा रस्ता तुमच्या शब्दावर चालतो म्हणे. सगळे माझ्याकडं बघत होते. "मी तिथं नाय" एवढंच म्हणायचं होतं, ते मला त्या पाहुण्यांसमोर म्हणवलं नाय. आता मी म्हणते. जागेवर नसले तर तसं सांगते, आणि बघून किती वेळ झाला तेही सांगते. ड्रायव्हरांना त्याचं काही वाटत नाय, उलट भरवसा वाढलाय. त्यांच्या ग्रुपवरही मी तुझी हकिकत माझ्या आवाजात सांगून टाकली. पण तुझी चूक नव्हती, हे तुला तोंडावर सांगणं राहिलंय. येत्या गुरुवारी मी आणि पारूबाई पुण्याला येतोय. त्या म्हणतात, ओरडले चारचौघांत, तर माफीही तिच्या शाळेच्या गेटपाशी चारचौघांतच मागीन. तू नको म्हणालीस तर स्टँडवरूनच परत फिरू. पण येऊ दिलंस, तर मीही तिथं मोठ्यानं सांगीन की विचारणारीनं विचारलं होतं, सांगणारी खोटं बोलली.

तुझ्या होकाराची वाट बघणारी, तुझीच
सगीरा