पाझर तलावाच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अण्णा, तुमच्या लेकीनं या वयात रॉकचा अल्बम काढायला घेतलाय. हसू नका. पुण्यात एका इमारतीच्या तळघरात स्टुडिओ आहे, गिटार आणि ड्रम वाजवणारी पोरं माझ्या नातवंडांच्या वयाची आहेत, आणि मी मधोमध खुर्चीवर बसून गाते, कारण गुडघे आता उभं राहू देत नाहीत. आठ गाणी आहेत. सात माझी, सगळी मागं वळून बघणारी. या वयात दुसरं काय सुचणार? आठवं तुमचं आहे, पाझर तलावाचं. त्याच्यापायीच आज लिहायला बसले.

बेंबळी गावाच्या पुढं पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. तुम्ही खडी फोडताय, आई डोक्यावरून माती वाहतेय, आणि नऊ वर्षांची मी, कामावर वाटलेली सुकडी फक्क्या मारत खातेय. तुमचा हातोडा पडतो तोच ठेका, आणि ठेक्यावर तुम्ही रचलेलं गाणं: ‘तळं खणलं आमी, पाणी गेलं कुणाच्या दारी’. मुकादम म्हणायचा, “गाणं बास, हात चालवा.” तुम्ही म्हणायचात, “गाणं चालतंय म्हणून तर हात चालतोय, साहेब.” बायका पदराआड हसायच्या. तुमच्या मागनं झील धरायचं काम माझं. शेवटच्या कडव्यात तुम्ही स्वतःचं नाव गुंफलं होतं. आपल्याकडं गाणं रचणारा गुंफतोच. एकदा मी कंटाळून ते कडवं सोडलं आणि पाणी प्यायला पळाले. तुम्ही हातोडा खाली ठेवलात. “गाणं कुणी बी म्हणावं,” तुम्ही म्हणालात, “नाव मातुर गाळू न्हाय. मला कुठं लिव्हता येतंय? माझं नाव तेवढंच हाय, त्या कडव्यात.” हजेरीच्या कागदावर तुमचा अंगठा असायचा, ते मी रोज बघत होते. तरी त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पुढं तलाव भरला आणि पाणी तुमच्या गाण्यातल्यासारखंच गेलं, मोटारीनं वरच्या अंगाच्या उसाला. तुम्ही दूध संघात कॅन धुवायला लागलात. मी जयंतीच्या स्टेजवर गायला लागले, लोक नाव घ्यायला लागले, आणि विसाव्या वर्षी सोलापुरात माझी कॅसेट निघाली. कॅसेटवाला म्हणाला, “बाई, गाताय तुम्ही आणि शेवटी नाव गड्याचं? लोक विचारतील, हा कोण. तुमचंच घाला, मात्रा तेवढ्याच बसतात.” बसल्याच. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. धाक कुणी घातला नव्हता. मला माझं नाव टेपमधून ऐकायचं होतं, अण्णा, एवढंच खरं.

कॅसेट चालली. एके दिवशी मी तुमची भाकरी घेऊन दूध संघावर आले होते. समोरच्या हॉटेलात तुम्ही ओल्या हातानं चहाचा ग्लास धरून उभे, आणि टेपवर तेच गाणं. शेवटचं कडवं आलं, माझं नाव आलं. हॉटेलवाल्यानं विचारलं, “अण्णा, हे तर तुमचं गाणं न्हवं का?” तुम्ही ग्लासात बघत राहिलात. मग म्हणालात, “न्हाय. पोरीचंच हाय ते. म्या आपलं खडीवर म्हणत होतो.” मी भाकरीचं फडकं हातात धरून मागं उभी होते. तुम्हाला ते ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही खुंटीवरची खंजिरी काढलीत, तिच्यावरची धूळ सदऱ्यानं पुसलीत आणि माझ्या मांडीवर ठेवलीत. “ऱ्हाऊ दे तुझ्यापशी. मला आता कशाला लागती?” एवढंच. चार शिव्या घातल्या असत्यात तर मी रडून मोकळी झाले असते. त्यानंतर तुम्हाला गाताना मी ऐकलं नाही. पुढं सहा वर्षं होतात तुम्ही. सहा वर्षांत मला एकदाही माफी मागता आली नाही, आणि नंतर मागायला माणूसच उरलं नाही.

आज स्टुडिओत ठरवून गेले होते की तुमचं नाव घ्यायचं. पहिल्या वेळी माझंच आलं. दुसऱ्या वेळी माझंच, तिसऱ्या वेळीही. चाळीस वर्षं स्टेजवर तेच म्हणत आले, जिभेला तेच वळण. बापाचं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही, या कागदावरही मी ते लिहिलेलं नाही; पण गाण्यात घ्यायची मुभा होती, ती मीच घालवली. चौथ्या वेळी आलं. येताना आवाज फाटला, सूर उतरला, आणि मी तशीच गात राहिले. गिटारवाला पोरगा म्हणाला, “आजी, हे नाव कुणाचं?” म्हटलं, “ज्यानं गाणं केलं त्याचं.” त्यानं दोन्ही ऐकवली. पहिलं अगदी सुरात. चौथं कानाला टोचणारं. “पहिलंच ठेवू ना?” त्यानं विचारलं.

चौथं ठेवलं, अण्णा. हा कागद घडी करून खंजिरीच्या पिशवीत टाकते, याला पत्ता कुठला घालणार? पण तुमच्याशी खोटं नको. त्यानं विचारल्यावर मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. आधी चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर म्हटलं.