फितीवरची मंगलाष्टकं

नल्लकुंटा, हैदराबाद
१४ एप्रिल १९९७

प्रिय इंदुताई,

तुझं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तर मुद्दामच लांबवलं, कारण तू सांगितलेलं काम आधी करून बघायचं होतं. प्रियूच्या लग्नाला येईन, मागे बायकांत बसेन, पण मंगलाष्टकं म्हणायला पुढे येणार नाही, असं तू लिहिलंस. भाऊजी गेले तेव्हापासून शुभकार्यात आपला आवाज नको, हे तू तुझं तुझंच ठरवून टाकलंयस. आणि मी फार डोकं फिरवून घेऊ नये म्हणून शेवटी एक ओळ टाकलीस, की विकासनं आणलेलं ते सिंगापूरचं यंत्र घरात आहे ना, मग तू तुझा आवाज भर, मी माझा भरून देईन, मंडपात टेप लावा, कुणाला कळतंय कोण गातंय ते. तुझं डोकं लहानपणापासून चालतं हे मान्य आहे, पण या वेळी ते जरा जास्तच चाललं.

तरी मी ऐकलं तुझं. विकास अमेरिकेला गेल्यापासून ते यंत्र कपाटावर दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. खाली काढलं, पुसलं, आणि समोर बसले तर इतकी बटणं की एखाद्या मिक्सरला पोरंबाळं झालीत असं वाटावं. यांना म्हटलं, तुम्ही जन्मभर रेल्वेच्या सिग्नलचं काम केलंत, एवढं लावून द्या. यांनी चष्मा लावला, चारी बाजूंनी बघितलं आणि ‘हौ, चांगलं आहे’ म्हणून पेपर वाचायला गेले. शेवटी रविवारी विकासचा फोन आला की मी त्याची नाही, सुनेची नाही, त्या यंत्राचीच चौकशी करायची. बिचारा तिकडून डॉलर जाळून आईला बटणं शिकवत होता.

तर ऐक, तुलाही समजावून सांगते. आपल्या साध्या टेपवर सगळे आवाज एकत्र भरले जातात. यात एकाच फितीवर चार वेगळे कप्पे असतात, आपल्या चार पुडांच्या डब्यासारखे. एकात तानपुरा भरायचा. मग कानाला हेडफोन लावून तो ऐकत ऐकत दुसऱ्यात आपण गायचं. पहिलं तसंच राहतं, त्याला धक्का लागत नाही. तिसऱ्यात आणखी कुणी. चुकलं तर तेवढाच कप्पा पुसून पुन्हा भरायचा. आणि गाताना एक दिवा बघायचा, तो तांबडा होऊन राहिला की आवाज फाटलाच समज. माझा पहिल्या दिवशी ‘सावधान’ला दर वेळी तांबडा. विकास म्हणाला, आई, माईकपासून लांब बस, तुझ्या आवाजाला याची गरज नाही.

चांगली कॅसेट हवी म्हणून सुलतान बाजारात गेले. दुकानदाराला वाटलं मला सिनेमाची गाणी भरून हवीत. ‘अम्मा, हमारेकने छोड के जाओ, शाम को ले लेना’ म्हणायला लागला. त्याला म्हटलं, मियाँ, गाना मैंच गानेवाली हूँ. तो इतक्या अदबीने उठून उभा राहिला की मला कॅसेटचा भाव करायची लाज वाटली.

आता गंमत सांगते. आपल्या घरात कुठलीही वस्तू अर्धी वापरून ठेवायची पद्धत नाही, तुला ठाऊक आहे. पाठकोऱ्या कागदांवर शिकलेल्या आपण. मी एका बाजूला तानपुरा आणि पहिली तीन अष्टकं इतकी सुरेख भरली की माझं मलाच कौतुक वाटलं. मग म्हटलं, दुसरी बाजू कोरीच आहे, ती कशाला वाया घालवा? कॅसेट उलटली आणि उरलेली अष्टकं तिकडे, न वापरलेल्या तिसऱ्या-चौथ्या कप्प्यांत भरली. संध्याकाळी यांना ऐकवायला पहिली बाजू लावली, तर माझ्या अष्टकांच्या जागी कुणीतरी रशियन बाई उलटी गातेय! विकास फोनवर हसून हसून बेजार. म्हणे, ती रशियन बाई तूच, या यंत्रात चार कप्पे म्हणजेच फितीच्या दोन्ही बाजू, दुसरी बाजू असतेच कुठे? म्हणजे काटकसर करून मी माझाच आवाज पुसला होता. मला मात्र हसू आलं नाही, ताई. त्या तीन अष्टकांना घसा असा लागला होता की पुन्हा लागेल असं वाटेना.

पुन्हा बसले. दुपारी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर, पंखा बंद करून, खिडक्या लावून, घामाघूम. कधी शेजारचा कुकर शिट्ट्या देतो, कधी वीज जाते. शेजारच्या लक्ष्मम्मांना रोज भर दुपारी ‘शुभमंगल सावधान’ ऐकू जायचं. एक दिवस त्या हळदकुंकू आणि नारळ घेऊन दारात हजर. ‘एवरि पेळ्ळि?’ म्हणजे लग्न कुणाचं, आणि आम्हाला बोलावणं कसं नाही! त्यांना आत बसवलं, हेडफोन कानाला लावून दिला. डोळे मिटून सगळं ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, छान आहे, पण मधेमधे कुणीतरी यायचं राहिलंय.

त्यांना मराठी येत नाही, ताई. तरी त्यांना ते कळलं. मी पुन्हा ऐकलं. चरणाच्या मध्ये जिथे थांबा येतो तिथे माझा आवाज चक्क तुटतो. दर चरणाला तिथेच. आणि मला आठवलं, परभणीला शांतामावशीच्या लग्नात मी एवढीशी होते, माझा दम पुरेना म्हणून तू आदल्या दिवशी मला पढवलंस, की मध्ये तू श्वास घे, मी सूर धरून ठेवते. शेवटाला मी घेईन, तेव्हा तू धर. तेव्हापासून किती लग्नं लावली आपण! लोक म्हणायचे, या बहिणींना श्वास घ्यावा लागतच नाही. अगं, मोठी झाल्यावरही मी तो चरण एका दमात म्हणायला कधी शिकलेच नाही. शिकायची गरजच पडली नाही.

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, कप्पा रिकामा आहेच, इंदुताईची जागा आपणच भरू. हेडफोन लावला आणि माझ्याच आवाजाबरोबर गायले. एकावर एक अशी मीच, त्रिवेणी. लावून बघते तर काय, दोघी त्रिवेणी एकाच ठिकाणी श्वास घेताहेत! पुन्हा केलं, ठरवून केलं, सूर धरून ठेवायचा म्हणून छाती भरून घेतली, तरी त्या जागेला घसा आपोआप थांबतो. तानपुऱ्याचा सोडून तिन्ही कप्प्यांत भरलं तरी भोक तिथल्या तिथेच. त्या दिवशी मी हेडफोन काढला आणि खूप रडले. भाऊजी गेले तेव्हा तुझ्याजवळ बसून रडले होते त्याहून जास्त. तेव्हा तुला सांभाळायचं होतं.

तुझा आवाज वेगळा भरून आणता आला असता, विकासही म्हणाला तसं. पण मला ते नको झालं. बाई मागच्या रांगेत पदर सावरून बसलेली, आणि तिचा आवाज तेवढा पुढे स्पीकरमधून अक्षता टाकतोय. हे आपण कुणासाठी करतोय? प्रियूला विचारलं, तर ती म्हणाली, मला कॅसेटसमोर उभं राहून लग्न नाही करायचं, मावशीसमोर करायचंय. मग मी पुण्याला फोन लावला, होणाऱ्या जावयाच्या, सारंगच्या आईला, सुशीलाबाईंना. आधी दोनदा नंबर अर्धाच फिरवून ठेवला, खोटं कशाला सांगू. मुलीची आई आहे मी. सरळ म्हटलं, माझी बहीण अंतरपाटाशेजारी उभी राहून मंगलाष्टकं म्हणणार आहे आणि तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेलेत. मग त्या म्हणाल्या, आमच्याकडच्या एकदोघी बोलतील, त्यांना मी बघून घेते. आणि ठेवता ठेवता विचारलं, तुमच्या ताईंना आहेरात रंग कुठला आवडेल?

तेव्हा आता नाही म्हणणारी जगात एकटी तूच उरली आहेस. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही, यांच्या हाती दिलंय, आणि तू ते वाचत असताना हे तुझ्यासमोर बसून चहा पिताहेत. यात काय लिहिलंय ते त्यांना माहीत आहे, तरी माहीत नसल्यासारखं तोंड करून बसले असतील. परतीची दोन तिकिटं त्यांच्या खिशात आहेत. लग्नाला अजून महिना आहे म्हणून सबब सांगू नकोस. फितीवर मी आपली जुनीच म्हटली, प्रियूची नवी अष्टकं नेहमीसारखी तुलाच रचायची आहेत, आणि प्रियूचा हट्ट आहे की आजी-आजोबांच्या नावांबरोबर एका चरणात भाऊजींचंही नाव हवं. तो चरण मला एकटीला म्हणता येणार नाही, आणि तुलाही एकटीला येणार नाही. त्यांचा चहा होईस्तोवर रडून घे हवं तर. मग बॅग भर, ताई.

तुझी वाट बघत दारातच उभी असलेली,
तुझीच,
त्रिवेणी