डिशवरची गोधडी

प्रिय दिशा,

दोन सोमवार मी तुझा फोन उचलला नाही, म्हणून काळजीत असशील. मी ठणठणीत आहे. घोळ त्या डिशने केलाय.

शाळेच्या गच्चीवर उपग्रहाची डिश बसली आणि आपल्या वाडीत घरोघरी नेट आलं. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आईबापांशी रोज व्हिडिओवर बोलतात. सगळे खूश, पंचाईत माझी एकट्याची. तू तुझ्या मनाने लग्न केलंस, तेव्हापासून आईने घरात तुझं नाव काढू दिलेलं नाही. घरात रेंज नाही या सबबीवर मी दर सोमवारी टेकडी चढायचो आणि तुझ्याशी बोलायचो. आता सबबच गेली. आणि तिच्यादेखत तुझ्याशी बोलायची माझी छाती नाही. कंडक्टरकीत गाडीभर माणसं आवरली, ही एक बाई काही आवरली नाही.

काल सोमवारी दुपारनंतर अख्ख्या वाडीचं नेट गेलं. मला वाटलं, वरच काहीतरी बिनसलं. तूच सांगितलं होतंस, एक उपग्रह डोक्यावरून गेला की डिश दुसरा धरते, आणि वर आता कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात तशी गर्दी झालीय. त्यांना टकरीतून वाचवायचं काम तुझं, म्हणून जरा धास्तावलोही. अजिनाथ गुरुजी गच्चीवर चढले, तर तिथे तुझ्या आईच्या कुरडया वाळत घातलेल्या आणि डिशवर ओली गोधडी. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं, म्हणून गुरुजी हसले. मीही हसलो.

घरी आलो तर ही चुलीपुढे. मान वर न करता म्हणाली, “आवो, नेट गेलंय न्हवं? मग बसलाय काय? सोमवार हाय, जावा की टेकडीवर.”

तिला सगळं ठाऊक होतं, कधीपासून ते विचारायचा धीर झाला नाही. चोरी पकडल्यासारखं वाटून काल मी गेलोच नाही. मग जेवताना म्हणाली, “पाडव्याला मी बी येते वर.” एवढंच.

म्हणून हे पत्र, घरातून फोनवर सांगता आलं नसतं. पाडव्याला संध्याकाळी फोन कर. जावईबापूंनाही शेजारी बसव. आणि उचलल्या उचलल्या ‘नाना’ म्हणून हाक मारू नकोस. फोन तिच्या हातात देणार आहे.

तुझाच,
नाना