तोंडी रजा

६ ऑक्टोबर, सकाळी ९.१५
बोईसरच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात आजपासून रजा आणि पाळ्या एआय ठरवणार. मेहुलशेठ सर्वांदेखत म्हणाले, एकनाथकाका आपले एआय लीडर! बावीस वर्षं नुसता सुपरवायझर होतो. संकल्प: यापुढे तोंडाने रजा द्यायची नाही. लीडरने फक्त विचार करायचा. ९.१० पर्यंत केला. पुढे काय करायचं सुचेना.

८ ऑक्टोबर
एआयच्या मशीनला जुनं रजेचं रजिस्टर हवंय. ते जवळजवळ कोरं. आमचा कारभार तोंडी. "काका, उद्या नाय येत." "बरं." त्या जागी दुसऱ्याला उभं करायचं, रविवारी भरून घ्यायचं, हजेरी पूर्ण. शेठना हे सांगणार होतो, पण ते गडबडीत होते. शिवाय मशीन हुशार आहे, घेईल समजून. कोऱ्या पानांचे फोटो चढवले.

१३ ऑक्टोबर
मशीनचा निष्कर्ष: इथले कामगार ऑक्टोबरात रजा घेत नाहीत. सगळे अर्ज नामंजूर. पॅकिंगची लाडकी भांडायलाच आली. शुक्रवारी वाघबारस हाय, पाड्यावर वाघोबाची पूजा, तुमाला ठावं नाय का काका, म्हणे. ठाऊक आहे की! पण लीडरने मशीनच्या कामात लुडबुड करू नये. तसं सांगितलं. दिवसभर चैन नाही. चहा सहा वेळा.

१७ ऑक्टोबर, दुपारी १
एकतीसपैकी एकोणीस गैरहजर. ट्रक फाटकाशी रिकामा. दरवर्षी या दिवशी मी बिहारी कामगारांना डबल पाळी लावायचो, बदल्यात त्यांना छठपूजेला सोडायचो. कुणाला पत्ता लागत नसे. शेठ ओरडले, आजवर असं कधी झालं नाही, यंदाच कसं? माझ्यामुळे होत नव्हतं, हे अगदी जिभेवर आलं. पण पुरावा कोरा. म्हणालो, नेटवर्क.

१८ ऑक्टोबर
शेठनी लाडकीला केबिनमध्ये बसवलं. तिने मशीनला सगळं सांगितलं: वाघबारस, छठ, मासळीच्या बोटी लागतात तेव्हा सातपाटीच्या बायका का येत नाहीत, कुणाच्या बदली कोण. तासाभरात यादी बिनचूक. आता ती समन्वयक. आनंदच आहे, माझ्याच हाताखाली तयार झाली. घरी बायकोने, मंजुळेने, बोंबलाचं कालवण केलं होतं. घास उतरला नाही. पित्त असावं.

२७ ऑक्टोबर
ठरलं. दोन दिवस रजा टाकायची. बावीस वर्षांतली पहिली. माझ्यावाचून कसं अडतं ते कळू दे एकेकाला! अर्ज टाकला. दोन सेकंदांत उत्तर आलं: मंजूर. उत्पादनावर परिणाम शून्य.
माझा अर्ज अडवायची मशीनची छाती झाली नाही.

२८ ऑक्टोबर
१०.१५. फोन नाही. सकाळी सगळेच घाईत असतात.
११.३०. ट्रक भरायची वेळ. आता येईल.
१२.४०. फोन बिघडला असणार. मंजुळेच्या मोबाइलवरून मीच मला रिंग दिली.
वाजला.