खंदकातली नाशपाती

ला मोलिनेर, सोलोन्य
बुधवार, १४ सप्टेंबर २०२२

माझ्या हट्टी भावा, गास्पार,

तू आणि तुझी मार्गो बरे असाल, तुझा गुडघा दुखत असेल आणि डॉक्टरचं तू ऐकत नसशील, असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. एकोणसत्तरी गाठली तरी छपराची कुठली दगडी पाटी निसटली ते अजून स्वतः माळ्यावर चढून बघते. वीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून कोणी गेलं असं समजू नकोस. माणसं सगळी आहेत. बुरूज जातोय.

तुझ्या खोलीचा, वायव्येकडचा. खिडकीच्या पांढऱ्या दगडी चौकटीपासून थेट छपराच्या कडेपर्यंत भेग गेली आहे, आत मूठ जाते. विटांमधली काळ्या चौकटींची नक्षी मधेच तुटून दोन बोटं खाली सरकली आहे. तुझी पुस्तकं मी केव्हाच खालच्या दालनात आणून ठेवली, तेव्हा त्यांची काळजी नको.

सरकारी वास्तुतज्ज्ञ येऊन गेल्या. केर्ब्रा नावाच्या, वय जेमतेम पस्तीस, पण कामात पक्क्या. आल्या आल्या त्यांनी बुरुजाच्या पायाशी खड्डा खणायला लावला. दगडाखाली ओकचे खांब आहेत, पाच शतकांपूर्वी चिखलात ठोकलेले, पाण्याखाली असेतो न कुजणारे. त्यांनी एका खांबात बोट खुपसलं तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"खंदकातलं पाणी कधी गेलं?" त्यांनी विचारलं.

"दुष्काळ, बाई," मी म्हटलं. "तीन उन्हाळे कोरडे गेले."

त्यांनी खंदकाच्या तळाकडे पाहिलं. तिथे माझी नाशपातीची झाडं उभी आहेत, फळांनी लगडलेली.

"झाडं भलतीच झपाट्यानं वाढतात हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांत पार पहिल्या मजल्याला लागली."

मी त्यांना टोपलीभर फळं दिली. दुसरं काय करणार होते? त्यांनी ती घेतली आणि पुढे विषय काढला नाही.

आता कामाचं. सोबत नोटरी व्हॅसाँ यांनी केलेला कागद आहे. बुरूज एकेक वीट, एकेक दगड काढत उतरवायचा, खांबांची कुजलेली डोकी कापून खाली धड लाकूड लागेल तिथून दगडी पाया घ्यायचा, आणि मग खंदक पुन्हा भरायचा, म्हणजे बाकीचे खांब तरी वाचतील. बुरूज परत चढवायचा का ते पुढचं पुढे. हिवाळ्याआधी काम सुरू झालं नाही तर उत्तरेची भिंत जाईल आणि तिच्यामागून गोल जिना. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे तुझ्या सहीशिवाय एक वीट हलवता येत नाही. कागदावर कारण लिहिलं होतं, दुष्काळ. व्हॅसाँ म्हणाले, "ओदिलबाई, आहे तसं पाठवा, सही होऊन येईल."

आलीही असती. पण तो शब्द मीच खोडायला लावला.

वीस वर्षांपूर्वीचं ते ईस्टरचं जेवण तुला आठवतं, मलाही आठवतं. खंदकाचा वास येतो, डास होतात, पाणी काढून टाकते असं मी जाहीर केलं. तू काटा खाली ठेवलास. "ओदिल, घर त्या पाण्यावर उभं आहे," म्हणालास. मी भरल्या टेबलावर म्हटलं, "गास्पारला बेडकांची चिंता, बिचारे बेघर होतील." सगळे हसले, पाद्रीसुद्धा. तू एवढंच विचारलंस, "बाबांनी याबद्दल काही लिहून ठेवलंय का?" मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

इथवर तुला माहीत आहे. इथे मी पेन ठेवून कॉफी करून आले, ती प्यायले, कपही धुतला.

लिहिलं होतं. बाबा दर रविवारी ज्या काळ्या वहीत पाण्याची पातळी लिहायचे, तिच्या शेवटच्या पानावर. ते पान जेवताना माझ्या खिशात होतं. "खांब ओले राहिले तर घर राहील. पाणी काढू नका. गास्पारला यातलं कळतं, त्याला विचारा."

त्याला विचारा. त्यांचं आजारपण मी काढलं, छप्पर मी राखलं, मोठी मी, आणि विचारायचं तुला. डासांसाठी नाही रे मी खंदक उपसला. त्या एका वाक्यासाठी उपसला. पाणी उतरत होतं तेव्हा काठावर उभी राहून बघत होते आणि मला बरं वाटत होतं. त्याची लाज आज वाटते.

ते पान पाकिटात आहे. तुझंच होतं, ठेवून घे. कागदावर आता कारण म्हणून माझं नाव आहे. वाचून संताप आला तर येऊ दे, सही पुढच्या आठवड्यात केलीस तरी चालेल. पण मजूर कुठले घ्यायचे, दगड कसे रचून ठेवायचे, सगळं मी ठरवलं आहे, त्यात लुडबुड नको.

एक गोष्ट तेवढी ठरवलेली नाही. केर्ब्राबाई आकडा सांगायला तयार आहेत, मी त्यांना थांबवलं. पाणी कुठवर भरायचं, गास्पार?

तुला विचारणारी,
ओदिल