मधल्या हाडाचं वरचं टोक

३ मार्च
जीवाश्माचं स्कॅन आलं. पायाच्या मधल्या हाडाचं वरचं टोक हाड नाहीच — प्लास्टर! वर असा बेमालूम रंग, की मला पत्ता नाही. अकरा वर्षं पाण्यात गेली.

४ मार्च
शहामृगासारखे डायनासोर. त्यांच्या घराण्यात नंतरच्यांचं हे मधलं हाड वर चिमटल्यासारखं बारीक होतं, जुन्यांचं रुंदच राहतं. आमच्या संग्रहालयाच्या कपाटातल्याचं रुंद होतं. तेवढ्या आधारावर मी त्याला वेगळी, जुनी शाखा दिली, नाव दिलं, निबंध छापला. आता हा कोणाचा कोण, काहीच सांगता येत नाही.

नवरा नेहमी थट्टेनं विचारायचा, "ठरलं का मग? सख्खे की चुलत?" आज जेवताना विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

७ मार्च
हाडं जोडायचं, भरायचं काम तीस वर्षं प्लास्टरकाकांकडे. मलाही त्यांनीच शिकवलं. भरलेला भाग हाडापेक्षा फिका ठेवायचा, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही — दंडक त्यांचाच. आणि मोडला त्यांनीच!

संचालकबाईंसमोर मी सगळं खापर त्यांच्यावर फोडलं. वर लेखीही दिलं. काका ते टोक हातात फिरवत बसले होते. मग म्हणाले, "माझंच काम असेल. वय झालं, आठवत नाही आता." एकदाच माझ्याकडे पाहिलं.

९ मार्च
निबंध मागे घेतला. सहा ओळींचं पत्र, लिहायला अख्खा दिवस.

१२ मार्च
काकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. निवृत्तीला चार महिने राहिले होते. ब्रश धुऊन, पुसून, ओळीत लावून गेले. जाताना म्हणाले, "वेळेवर जेवत जा गं." मी मान वर केली नाही. तेव्हा राग होता. आता तोही नाही. कपाट उघडावंसं वाटत नाही, सकाळी उठावंसंही वाटत नाही. कशासाठी उठायचं?

१५ मार्च
काही नाही.

१८ मार्च
काकांचा खण रिकामा करताना जुनी कामवही सापडली. बावीस वर्षांपूर्वीची, मी शिकाऊ होते तेव्हाची. 'पाय, मधलं हाड, वरचं टोक — भरलं, रंगवलं.' अक्षर माझं. सही माझी.

काकांना फोन लावला. ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "वही तिथेच राहिली का? ते पान फाडून टाक, बाळ."