तुझ्या विमानातली शांतता

प्रिय तरन्नुम,

मिरजेतून दूर गेलेल्या लेकींनो आणि त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या माणसांनो, आपली तक्रार एकच आहे: या गावानं जगाला तंबोरे दिले आणि स्वतःच्या लेकींना पोटासाठी परदेशी धाडलं! परवा सांगलीच्या सभेत हे म्हणालो, टाळ्याही पडल्या. मनात मात्र तू एकटीच होतीस.

आता बातमी. ज्या विमानाचा आतला भाग तू परदेशात बसून आखलास, त्यात मी बसून आलो. हसू नकोस. शिरवळच्या कामगारांच्या मागण्या घेऊन निघालो होतो, तर कारखान्याच्या मालकाचा निरोप आला, कोल्हापूरच्या विमानतळावर या, विमानातच बोलू. घसा खाकरूनच जिना चढलो. आत आठच खुर्च्या, समोरासमोर. लहान विमानात माणूस वाकतो आणि मोठ्यात हरवतो, म्हणून मला मधलं आवडतं, असं तू फोनवर म्हणायचीस. मी मधल्या वाटेत ताठ उभा राहिलो आणि पटलं. मग बसलो, तर लंबगोल खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं. भिंतीच्या गोलाईवर हात फिरला आणि तिथंच थांबला. ती गोलाई तुमच्या तंबोऱ्यांच्या दुकानातल्या भोपळ्याची आहे, हो ना?

भांडायला तोंड उघडलं, तर आवाज आपोआप खाली आला. बाहेर इंजिन घुमत होतं आणि आत कुजबुजही ऐकू येत होती. एकट्या माणसाच्या आरामासाठी एवढं इंधन जाळणं मला मान्य नाही, त्यावर मी बोलत राहणारच. पण त्या शांततेत तू होतीस. मागण्या निम्म्या मान्य झाल्या, मालक उठला, तरी मला उतरावंसं वाटेना.

तिथून तडक तुझ्या अब्बांकडं, सिकंदरचाचांकडं गेलो. तुझं कौतुक सांगू लागलो, तर त्यांनी डावा कान पुढं केला. त्यांचा उजवा कान गेलाय, तरन्नुम. डावाही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी घरात ताकीद दिली आहे.

तुझा तंबोरा अजून खुंटीला आहे. तारा चढल्यात, जवारी लागलेली नाही. ज्याचा तंबोरा त्यानं समोर बसून सा लावायचा आणि त्या गळ्यावर चाचांनी तारेखालचा दोरा सरकवून जवारी लावायची, सूर खुलवायचा, ही तुमच्या घरची रीत. तुझा भाऊ अश्फाक म्हणाला, मी लावून ठेवतो. चाचांनी त्याचा हात बाजूला केला. "तिनं सा लावल्याबगर दोरा हलणार न्हाई." मग माझ्याकडं वळले. "गावभर भाषणं ठोकतोस, तिला येवढं सांगता येत न्हाई व्हय रं?"

म्हणून हे पत्र. त्यांनी विचारलं त्याहून बरंच काही माझं सांगायचं राहिलंय, ते राहू दे. मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकेन. तू याच आठवड्यात विमानात बस, मिरजेला ये आणि चाचांच्या डाव्या कानाशी एकदा सा लाव.

तुझाच,
सुमंत